दुसऱ्या गिअरमधले वळण : एका गाडीखरेदीचा हिशेब

आमच्या घरातली जुनी हॅचबॅक २०१२ साली आली तेव्हा पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांत लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास अंतर होते, आणि त्या एका आकड्यापुढे दुसऱ्या कशाचा विचार करण्याची गरज घरात कोणालाच वाटली नव्हती. केंद्र सरकारने पेट्रोलच्या भावावरचे नियंत्रण २०१० मध्ये उठवले होते, डिझेलवरचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत कायम ठेवले होते, आणि मधल्या त्या चार वर्षांत ज्या असंख्य कुटुंबांनी हिशेब मांडून डिझेल गाडी घेतली त्यांतले आम्ही एक. तेरा वर्षांनी, २०२५च्या मे महिन्यात, आमच्या मिस्त्रींनी टर्बो आणि क्लच यांच्या कामाचा जो अंदाज कागदावर लिहून दिला तो गाडीच्या बाजारातल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जात होता. कागद हातात देताना ते एवढेच म्हणाले, "इंजिन अजून पाच वर्षं चालेल साहेब, पण बाकीची गाडी त्याच्याबरोबर चालणार नाही." नवी गाडी बघायची असे त्या दिवशी ठरले आणि ती दारात उभी राहीपर्यंत दसरा उजाडला.

त्या जुन्या इंजिनाविषयी आधी सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी तुलना मी नकळत त्याच्याशीच करत होतो. फियाटचे १२४८ सीसीचे, चार सिलिंडरचे मल्टिजेट इंजिन एके काळी आपल्याकडे इतक्या गाड्यांत होते की गाडीवेडे लोक त्याला थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. मारुतीच्या स्विफ्टमध्ये ते होते, टाटांच्या व्हिस्टामध्ये होते, फियाटच्या पुंटोमध्ये तर असणारच होते. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. ७५ पीएस ताकद आणि २,००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क, हे त्याचे आमच्या गाडीतले आकडे. (पीएस हे साधारण हॉर्सपॉवरएवढे ताकदीचे माप, टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर आणि आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे.) रस्त्यावर ते कसे उतरत हे सांगायचे तर कुंभार्ली घाटाचेच उदाहरण द्यावे लागेल. आमचे गाव गुहागर तालुक्यात असल्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा तो घाट ठरलेला असतो आणि परतताना पोफळी मागे पडली की चढ सुरू होतो. पुढे एसटी लागली की तिच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये राहायचे. आरपीएमची सुई १,६०० वर असताना ॲक्सिलरेटर दाबला तर काहीच घडत नसे, गाडी क्षणभर नुसती गुरगुरे, आणि सुई १,८०० ओलांडून गेली की पाठीमागून कोणीतरी ढकलल्यासारखी सुटे. त्या मधल्या क्षणांचा अंदाज घेऊन ओव्हरटेक करण्याची कला मी दहा वर्षांत कमावली होती. बायको तिला कला म्हणत नसे.

गाडी घ्यायची आहे असे चार लोकांच्या कानांवर गेले की आपोआप एक समिती तयार होते, तशी ती झाली. माझे मेहुणे सोलापूरकडे राहतात, त्यांच्याकडे दोन लिटरहून मोठ्या डिझेल इंजिनाची दणकट गाडी आहे आणि लहान इंजिनांविषयी त्यांचे मत पक्के आहे. खालच्या मजल्यावरचे शेजारी सीएनजीचे भक्त आहेत. माझ्या कार्यालयातला एक तरुण सहकारी गाड्यांचे शून्य ते शंभरचे सेकंद, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला लागणारा वेळ, तोंडपाठ म्हणतो. या तिघांत एकमत होणे शक्य नव्हते, पण तिघांचाही पहिला प्रश्न एकच होता: "किती सीसी?" मी एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा उल्लेख केला तेव्हा मेहुणे फोनवर मोठ्याने हसले. "म्हणजे मारुती आठशेपेक्षा दोनशे सीसी जास्त. घाटात उतरून ढकलणार का?" असे ते म्हणाले.

त्यांचे गणित बरोबर होते. मारुती आठशेचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. मी बघत होतो ते ९९८ सीसीचे, तेही तीन सिलिंडरचे. पण कार्ब्युरेटरवाल्या आठशेची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत होती आणि या नव्या इंजिनाची १२० पीएस. दोनशे सीसींत एवढे अंतर पडत नाही. सीसी म्हणजे सिलिंडरांत पिस्टन जेवढी जागा झाडतो तेवढी जागा, एवढाच त्याचा अर्थ. त्या जागेत हवा किती कोंबली यावर पुढचे सगळे अवलंबून असते. साधे पेट्रोल इंजिन बाहेरच्या हवेच्या दाबावर जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवते. टर्बो मात्र बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहानशी पंख्याची चाती फिरवून आत येणारी हवा दाबतो, म्हणजे एक लिटरच्या भांड्यात दीड लिटरची हवा बसवतो असे म्हटले तरी चालेल. जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येते. समुद्रसपाटीपासून वर जाताना साधारण शंभर मीटरला हवेची घनता एक टक्क्याने उतरते, त्यामुळे महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत साधे इंजिन आपल्या ताकदीचा आठवा-दहावा हिस्सा खाली ठेवून आलेले असते. टर्बो तो तोटा बराचसा भरून काढतो.

मग सगळी इंजिने ११९७, ११९९, १४९३, १४९७ अशा विचित्र आकड्यांवर का थांबतात, असा प्रश्न माझ्या मुलीने विचारला, आणि तो त्या पाच महिन्यांतला सर्वांत चांगला प्रश्न होता. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा करांच्या तक्त्यात अधिक सापडते. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांना लहान गाड्या मानून त्यांचे उत्पादन शुल्क कमी केले गेले. जीएसटी आल्यावरही ती रेघ तशीच राहिली. आपल्याकडच्या कित्येक एसयूव्ही बरोबर ३,९९५ मिलिमीटर लांब असतात त्याचे कारण हेच; सेदान गाड्यांच्या डिक्क्या मागून कापल्यासारख्या दिसत त्याचेही हेच. सीसीच्या आकड्याला आपण ताकदीची खूण समजतो, पण आपल्या देशात तो निदान अर्धा तरी करविभागाचा आकडा आहे.

शोरूमच्या फेऱ्या सुरू करण्यापूर्वी मी एक काम केले, त्याचा पुढे सर्वांत जास्त उपयोग झाला. जुन्या गाडीच्या कप्प्यात पंपावरच्या पावत्यांची आणि किलोमीटरची वही असते. ती काढून मागच्या वर्षाचा हिशेब मांडला. माझी समजूत अशी होती की आम्ही फार फिरतो. वहीप्रमाणे वर्षाचे ८,६०० किलोमीटर भरले, त्यांतले ६,१०० पुण्यातल्या पुण्यात, आणि तेही बहुतेक सिंहगड रस्त्यावरच्या घरापासून कार्यालयापर्यंतच्या नऊ किलोमीटरच्या खेपा. उरलेले अडीच हजार गावाकडचे आणि देवदर्शनाचे. म्हणजे ज्या घाटाच्या नावाने मी इंजिनाची चर्चा करत होतो तो घाट वर्षातून दहा वेळाही चढत नव्हतो, आणि ज्या राजाराम पुलावरच्या गर्दीचा मी विषयही काढत नव्हतो तिथे रोज दोनदा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होतो.

तुलना करायची तर गाडी एकच असावी आणि इंजिन बदलावे, म्हणजे वजन, आकार आणि आसन यांचा गोंधळ मध्ये येत नाही. ह्युंदाईच्या व्हेन्यूमध्ये ती सोय होती. तिची लांबी ३,९९५ मिलिमीटर आणि इंजिने तीन: ११९७ सीसीचे साधे पेट्रोल, ८३ पीएस आणि ४,००० आरपीएमला ११४ न्यूटन-मीटर, ९९८ सीसीचे टर्बो पेट्रोल, १२० पीएस आणि १,५०० पासून ४,००० पर्यंत १७२ न्यूटन-मीटर, आणि १४९३ सीसीचे डिझेल, ११६ पीएस आणि १,५०० पासून २,७५० पर्यंत २५० न्यूटन-मीटर. या तिघांत सर्वांत लहान इंजिन ताकदीत सर्वांत मोठे आहे, हे मेहुण्यांना मी मुद्दाम कागदावर लिहून पाठवले. त्यांचे उत्तर आले नाही.

शोरूमवाल्यांचा टेस्ट ड्राइव्हचा एक ठरलेला रस्ता असतो: दोन किलोमीटर सपाट, पुढे यू-टर्न, आणि परत येताना विक्रेता गाणी किती छान ऐकू येतात ते दाखवतो. त्यात इंजिनाचे काही कळत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले की मला तिन्ही गाड्या बोपदेव घाटात न्यायच्या आहेत, चार माणसे बसवून आणि एसी चालू ठेवून. तिथला तरुण आधी बिचकला, वरिष्ठांना विचारून आला, आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता, गिऱ्हाईक कमी असते तेव्हा, या असे म्हणाला. चार माणसांत मी, बायको, तो विक्रेता आणि आई. "मला वजन म्हणून नेतोयस ना?" असे आईने गाडीत बसताना विचारले, आणि ते खरेच होते.

बोपदेव घाट कोंढव्याच्या बाजूने चढतो तेव्हा चढ एकदम अंगावर येतो आणि काही वळणे अशी आहेत की समोरून टँकर आला तर जवळजवळ थांबून पुन्हा निघावे लागते. परीक्षेला हीच जागा हवी होती. पहिल्यांदा ११९७ सीसीचे साधे पेट्रोल घेतले. कोंढव्याच्या गर्दीत त्या इंजिनासारखे सुख नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. क्लच लोण्यासारखा, पाय दाबू तेवढीच आणि तेव्हाच गाडी पुढे जाते, मागे नाही पुढे नाही. चढ लागल्यावर मात्र तिसरा गिअर टिकेना. दुसरा टाकला, सुई साडेतीन हजारांवर गेली आणि तिथेच राहिली. गाडी चढत होती, तक्रार करण्यासारखे काही नव्हते, पण इंजिनाचा आवाज एवढा वर गेला की मागे बसलेल्या दोघींचे बोलणे थांबले. आईने खिडकीबाहेर पाहत "हिला दम लागतोय" एवढाच शेरा दिला.

दुसरी फेरी टर्बोची. पहिल्या सरळ चढावर मला माझ्या सहकाऱ्याच्या सगळ्या बढाया खऱ्या वाटल्या; तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या आत, चार माणसे आणि एसी यांच्यासह गाडी विनासायास वर जात होती. मग ते वळण आले. समोरून टँकर, मी वेग पार उतरवलेला, दुसरा गिअर तसाच ठेवलेला, आणि सुई १,२०० च्या आसपास. टँकर गेला, पाय दाबला, आणि इंजिन काही बोलेचना. लहान सिलिंडर, टर्बो अजून फिरायला लागलेला नाही, म्हणजे त्या क्षणी माझ्या पायाखाली खरोखर एक लिटरचेच इंजिन होते. "सर, फर्स्ट टाका," विक्रेता हळूच म्हणाला. पहिला गिअर टाकेपर्यंतच सुई दीड हजारांवर चढली आणि गाडी अशी उसळली की मला ती आवरावी लागली. मेहुण्यांचा टोमणा त्या दोन सेकंदांपुरता खरा होता, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

तिसरी फेरी डिझेलची, आणि तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण काहीच घडले नाही. तेच वळण, तोच दुसरा गिअर, तीच १,२०० वरची सुई, आणि गाडी गावच्या बैलाने गाडा ओढावा तशी मान खाली घालून वर गेली. थोडी धडधड पायाला जाणवली, इतकेच.

घरी आल्यावर मी एक गणित मांडले, ते गाडी बघणाऱ्या कोणालाही पाच मिनिटांत करता येते. टॉर्कला आरपीएमने गुणायचे आणि ७,०२४ ने भागायचे, म्हणजे त्या क्षणी इंजिन किती पीएस देते ते मिळते. १,५०० आरपीएमला डिझेलचे २५० न्यूटन-मीटर म्हणजे ५३ पीएस, टर्बोचे १७२ म्हणजे सुमारे ३७. साध्या पेट्रोलचा कमाल टॉर्क ४,००० ला येतो, पण तो १,५०० लाच मिळतो असे औदार्याने धरले तरी आकडा २४ च्या आसपासच राहतो. माहितीपत्रकावरचे ८३, १२० आणि ११६ हे आकडे इंजिन चार ते सहा हजारांवर ओरडत असतानाचे. त्या वेगाने मी इंजिन वर्षातून किती वेळा फिरवणार होतो? मी ज्या आरपीएमवर राहतो तिथे क्रम वेगळाच होता: डिझेल पहिले, टर्बो दुसरे, साधे पेट्रोल बऱ्याच मागे. शून्य ते शंभरच्या सेकंदांतून हे कळत नाही, कारण ते सेकंद मोजताना गाडी चालवणारा सुई लाल रेघेपर्यंत नेत असतो. सहकाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा त्याला थोडे वाईट वाटले.

पैशांच्या हिशेबातही डिझेलच पुढे राहिले. पुण्यात तेव्हा पेट्रोल साधारण १०४ रुपये आणि डिझेल साधारण ९० रुपये लिटर होते. ओळखीच्या लोकांकडून मिळालेली खरी ॲव्हरेज धरली, साधे पेट्रोल १४, टर्बो १३, डिझेल १८. माझ्या ८,६०० किलोमीटरला वर्षाचे अनुक्रमे सुमारे ६४ हजार, ६९ हजार आणि ४३ हजार रुपये येत होते. साध्या पेट्रोलशी तुलना केली तर आमच्या कोटेशनांतला दीड लाखाच्या आसपासचा फरक भरून निघायला सात वर्षे लागणार होती, त्यात महाराष्ट्रात डिझेल गाडीला रस्ताकर दोन टक्के अधिक. टर्बोशी तुलना केली तर मात्र डिझेलचे पारडे सरळ सरळ जड होते. माहितीपत्रकातली ॲव्हरेज मी या हिशेबात घेतलीच नाहीत. ती ज्या चाचणीतून येतात ती प्रयोगशाळेत जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर गाडी चालवून, कमाल ताशी ९० किलोमीटर वेगाने, एसी बंद ठेवून होते. ज्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेचे नाव त्या आकड्यांना लागते तिची टेकडी आम्हा पुणेकरांच्या रोजच्या फिरण्यातली असली तरी तिथल्या रुळांवर सिंहगड रस्ता नाही. शिवाय २०२५ मध्ये पंपावरचे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे झाले होते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी घटते, आणि ती घट पेट्रोल गाडीच्या माझ्या हिशेबात धरावीच लागली.

मेहुणे खूश झाले. "शेवटी आलास ना डिझेलवर," असे त्यांनी म्हणूनही टाकले. मीही जवळजवळ आलोच होतो, आणि आमचे मिस्त्री नसते तर मी डिझेलचीच रक्कम भरली असती.

टोकन देण्याआधी जुन्या गाडीचे काय करायचे ते विचारायला त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा तिथे चार वर्षांची एक डिझेल गाडी उभी होती. मालक शाळेत शिक्षक, घर ते शाळा सहा किलोमीटर. डॅशबोर्डवर धूर गाळणाऱ्या जाळीचा, म्हणजे डीपीएफचा, पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागला होता. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ हे कडक नियम आले तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराड्यात ही चिनी मातीची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते; काजळी तिच्यात साठते आणि जाळी पुरेशी तापली की, म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास गेली की, जळून जाते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, एका वेगाने पळावी लागते. रोज सहा किलोमीटर जाऊन इंजिन बंद करणाऱ्याची जाळी कधीच पुरती तापत नाही, काजळी साठत राहते, आणि ती जाळण्यासाठी गाडी जे जादा डिझेल फवारते त्यातले थोडे अर्धवट राहून इंजिन ऑइलमध्ये उतरते. मिस्त्रींनी डिपस्टिक बाहेर काढून माझ्या बोटांवर तेल लावले. ऑइल खुणेच्या वर होते, पाण्यासारखे पातळ झाले होते आणि त्याला डिझेलचा स्पष्ट वास येत होता. "मास्तरांना सांगितलंय, दर रविवारी सातारा रस्त्याला अर्धा तास पळवून आणा. गाडीला व्यायाम," असे ते म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "तुमचं ऑफिस किती लांब म्हणालात?"

नऊ किलोमीटर, मी म्हणालो, आणि वही आठवली. आमच्या जुन्या इंजिनात अशी जाळी नव्हती म्हणून तेरा वर्षे त्याने आमच्या नऊ किलोमीटरच्या खेपा निमूटपणे सोसल्या. डिझेल पूर्वीइतकेच चांगले होते, किंबहुना इंजिन म्हणून अधिक चांगले झाले होते. फक्त ते आता रोज पन्नास-साठ किलोमीटर पळणाऱ्या माणसाचे झाले होते. मेहुणे असे पळतात. त्यांचे मत त्यांच्या रस्त्यापुरते पूर्णपणे बरोबर आहे.

सीएनजीचा विचार शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर केला. किलोमागे नव्वदीच्या आसपासचा भाव आणि किलोला २२ चे ॲव्हरेज धरले तर माझा वर्षाचा खर्च ३५ हजारांवर येत होता, डिझेलहूनही कमी. पण गॅस हवेच्या वाटेतून आत येताना हवेचीच जागा अडवतो, म्हणून ताकद उतरते: मारुतीचे ११९७ सीसीचे जे इंजिन पेट्रोलवर ९० पीएस आणि ११३ न्यूटन-मीटर देत असे, ते सीएनजीवर ७७ पीएस आणि ९८.५ न्यूटन-मीटरवर येई. बोपदेवला साध्या पेट्रोलला लागलेला दम पाहिल्यावर त्यातून आणखी काढून घेण्याचे धाडस झाले नाही. शिवाय गावाहून परतताना डिक्कीत आंब्याच्या पेट्या असतात आणि तिथे टाकी बसवल्यावर पेट्या कुठे ठेवायच्या, या आईच्या प्रश्नाला शेजाऱ्यांकडे उत्तर नव्हते. हायब्रीड मला मनापासून आवडली, गर्दीत विजेवर सरकणारी गाडी हेच माझ्या रोजच्या नऊ किलोमीटरचे खरे उत्तर आहे; पण ती चार मीटरच्या वर जात होती आणि किंमत आमच्या हिशेबाच्या बरीच वर. विजेच्या गाडीसाठी आमच्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जोडणी मिळेना, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

राहिली टर्बो आणि साधे पेट्रोल. इथे बायकोने निकाल दिला, कारण शहरात गाडी माझ्याइतकीच ती चालवते. तिने दोन्ही गाड्या पुन्हा मागवल्या आणि या वेळी घाटाऐवजी संध्याकाळी सहा वाजता दांडेकर पुलाकडून घरापर्यंत चालवल्या. टर्बोचा दीड हजारांखालचा आळस गर्दीत जाणवतो, क्लच जरा जपून सोडावा लागतो, हे तिने मान्य केले. पण घाटात एसटीच्या मागे माझ्या शेजारी बसून दहा वर्षे काढल्यानंतर ओव्हरटेक करताना शिल्लक ताकद असणे हे आपल्याला जास्त मोलाचे वाटते, असे ती म्हणाली. गणिताच्या कागदांवर हा रकाना मी ठेवलाच नव्हता.

बुकिंग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात करणार होतो. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटीच्या सुधारणांची घोषणा झाली आणि शोरूममधला फोन एकदम नम्र झाला. आम्ही थांबलो. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले: त्याच जुन्या रेघेच्या आतल्या गाड्या, चार मीटर आणि १२०० किंवा १५०० सीसी, अठरा टक्क्यांवर, रेघेबाहेरच्या चाळीसवर. पूर्वी लहान पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के कर लागत असे, म्हणजे पाच आठवडे धीर धरल्याचा मोबदला चांगला मिळाला. दसऱ्याला गाडीला हार घातला. जुनी गाडी मिस्त्रींच्या ओळखीने बारामतीकडच्या एका बागायतदाराकडे गेली. तो तिला रोज साठ किलोमीटर पळवतो असे कळले आणि बरे वाटले.

पहिल्या दोन महिन्यांत शहरात ॲव्हरेज १२ च्या थोडे खाली बसले, माझ्या अंदाजापेक्षा एकाने कमी. त्यात माझ्या पायाचा दोष आहे, कारण टर्बो जागा झाल्यावरची ती उसळी मला अजून नवी आहे आणि तिची किंमत पेट्रोलमध्येच मोजावी लागते. पाय हलका ठेवला तर महामार्गावर हेच इंजिन १८ देते, हे साताऱ्यापर्यंत ताशी ८० ने जाऊन पाहिले. लहान इंजिनाची एक उणीव मात्र कुठल्याच टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसली नव्हती, ती कुंभार्ली उतरताना दिसली: जुनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर स्वतःला जिथे धरून ठेवत असे, तिथे हिला दुसरा गिअर लागतो. बोपदेवला आम्ही चढून वर गेलो आणि उतरताना गप्पा मारल्या. उतारही तपासायला हवा होता.

परतताना गाडीत पाच माणसे होती, डिक्कीत तांदळाची पोती आणि वर नारळ. पोफळी मागे पडली आणि चढ सुरू होताच आईने मागच्या सीटवरून पुढे वाकून, काही न बोलता, एसीचे बटण बंद केले. आठशे होती तेव्हापासून घाट आला की एसी बंद करायचा, इंजिनाला तेवढाच आधार, हा आमच्या घरचा रिवाज आहे आणि तो मल्टिजेटच्या काळातही कोणी मोडला नव्हता. मुलीने ते पुन्हा चालू केले. पुढे एसटी होती, सुई १,७०० वर, गिअर तिसरा. समोरचा रस्ता रिकामा दिसला तशी मी पाय दाबला आणि एसटी मागे पडली. आईने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि ते बटण पुन्हा बंद केले.